यंत्र, वीज आणि आज्ञा : धार-देवासच्या यंत्रविद्येची हकीकत

धार आणि देवास म्हटले की आपल्या मराठी घरांत आधी आठवतात त्या पवारांच्या गाद्या. धारचा किल्ला, देवासची थोरली पाती आणि धाकटी पाती, टेकडीवरची चामुंडा माता, आणि पुढच्या काळात देवासला येऊन कायमचे इथले झालेले कुमार गंधर्व. या सर्वांवर आपण अभिमानाने बोलतो आणि बोलावेही. पण या दोन जिल्ह्यांना आणखी एक इतिहास आहे, आणि तोही आपल्याच घरांतून घडला आहे. कारखान्याच्या बसने पहाटे पीथमपूरला निघणारे, देवासच्या औद्योगिक वसाहतीत तिन्ही पाळ्या केलेले, निवृत्तीनंतरही घरातला पंखा किंवा मिक्सर दुसऱ्या कोणाला उघडू न देणारे लोक आपल्या प्रत्येक घरात निघतील. त्यांच्या हाताखालून जे यंत्र गेले, ते गेल्या चाळीस वर्षांत आतून पार बदलले. आधी ते निव्वळ लोखंडाचे होते, मग त्यात इलेक्ट्रॉनिक्स आले, आणि आता त्यात आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, येऊन बसली आहे. या तिघांच्या मिलाफाला ‘मेकॅट्रॉनिक्स’ म्हणतात. हा मिलाफ आपल्या भागात कसा घडला आणि त्यामुळे आपल्या पुढच्या पिढीपुढे काय उभे राहिले आहे, ते या लेखात मांडण्याचा आमचा विचार आहे.

सुरुवात धारपासूनच करायला हवी, आणि तीही हजार वर्षे मागे जाऊन. अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात धारेत राज्य करणाऱ्या भोजराजाच्या नावावर ‘समरांगणसूत्रधार’ हा वास्तुशास्त्राचा ग्रंथ आहे. त्याचे ८३ अध्याय आहेत आणि त्यांपैकी ३१वा अध्याय ‘यंत्रविधान’ नावाचा, म्हणजे यंत्रांविषयीचा आहे. विसाव्या शतकात हा ग्रंथ छापून लोकांपुढे आला तो बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेतून, त. गणपतिशास्त्री यांनी संपादित करून. परमारांच्या राजधानीतला ग्रंथ एका मराठी संस्थानाच्या ग्रंथमालेने जगापुढे आणावा, हा योग आपल्याला सुखावणारा आहे.

या अध्यायातील पारा वापरून उडणाऱ्या लाकडी विमानाची चर्चा फार होते. ते वर्णन थोडक्या श्लोकांचे आहे, आणि तसे विमान कोणी बांधून उडवल्याचा पुरावा नाही. आमच्या मते त्याहून मोलाचा भाग दुसराच आहे. नाचणाऱ्या बाहुल्या, दिव्यात तेल घालणारी पुतळी, पाणी पिणारा हत्ती, दारावर उभे राहून आत येणाऱ्याला अडवणारे लाकडी द्वारपाल, कारंज्यांची धारागृहे अशा यंत्रांबरोबर यंत्राचा सर्वसाधारण विचारही त्यात आहे. पृथ्वी, जल, अग्नी आणि वायू ही यंत्राची बीजे. आपोआप चालणारे यंत्र वेगळे आणि एकदा चालना दिली की पुढे चालत राहणारे वेगळे, असे प्रकार. आणि चांगल्या यंत्राचे गुण : त्याचे भाग नीट जुळलेले असावेत, ते फार सैल नसावे आणि फार घट्टही नसावे, नको असेल तिथे आवाज करू नये, हवे तेव्हा ते कामाला लागावे आणि काम नसेल तेव्हा स्वस्थ बसावे.

शेवटचा गुण वाचताना आम्ही थबकलो. हवे तेव्हा चालणे आणि नको तेव्हा थांबणे, याला नुसती जुळणी पुरत नाही. केव्हा हवे आणि केव्हा नको हे यंत्राला कळावे लागते, आणि कळल्यावर तसे वागावेही लागते. भोजाच्या काळी हे काम वजने, दोऱ्या, कळा आणि पाण्याचा दाब यांच्यावर सोपवलेले असे. त्यानंतरच्या यंत्रविद्येच्या इतिहासाकडे या एका गुणाचा पाठलाग म्हणून पाहता येते.

लोखंडाचे काम आपल्याकडे जुनेच. धारच्या लाट मशिदीच्या आवारात लोहस्तंभाचे तुकडे आजही पाहायला मिळतात. सगळे एकत्र धरले तर लांबी १३ मीटरच्या आसपास भरते. लोखंडाचे गोळे तापवून, ठोकून, एकजीव करत एवढा स्तंभ उभा करणाऱ्या लोहारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत.

आधुनिक काळात मराठी माणसाच्या यंत्रउद्योगाचे पहिले ठळक नाव लक्ष्मणराव किर्लोस्करांचे. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवणारे, बेळगावात सायकलींचे दुकान घालणारे आणि १९१०मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवणारे लक्ष्मणराव. कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर ही त्यांची सुरुवातीची उत्पादने. त्याच परंपरेतला किर्लोस्कर ब्रदर्सचा पंपांचा कारखाना पुढे देवासला आला. माळव्याच्या काळ्या मातीत विहिरीवर बसलेल्या पंपाशी या भागातल्या शेतकऱ्याचा संबंध घरच्या माणसासारखा.

त्या काळची यंत्रे अगदीच ‘बिनडोक’ होती असे मात्र नाही. जुन्या डिझेल इंजिनातला गव्हर्नर पाहा. जेम्स वॉटने अठराव्या शतकाच्या अखेरीस वाफेच्या इंजिनाला लावलेली युक्ती तीच. इंजिनाबरोबर फिरणारी दोन वजने असतात. वेग वाढला की ती बाहेर फेकली जातात आणि इंधन कमी करतात, वेग उतरला की आत येतात आणि इंधन वाढवतात. इथे वेग ओळखणे, निर्णय घेणे आणि तो अमलात आणणे ही तिन्ही कामे लोखंडच करते. बिघाड झाला तर तो डोळ्यांना दिसतो आणि कानांना ऐकू येतो. आपल्या जुन्या मेकॅनिकांचे सारे ज्ञान या दिसण्या-ऐकण्यावर उभे होते.

या जुन्या घडणीत पहिली फट पडली ती आपल्या डोळ्यांदेखत, धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला. १९८०च्या दशकात तिथली औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि लोक तिला भारताचे डेट्रॉइट म्हणू लागले. पुण्याच्या फिरोदिया घराण्याची कायनेटिक आणि जपानची होंडा यांनी १९८४मध्ये हातमिळवणी केली आणि पीथमपूरला कायनेटिक होंडा स्कूटर तयार होऊ लागली. बटण दाबले की सुरू होणारी, गिअर नसलेली. आपल्या कित्येक घरांतल्या मुली आणि सुना याच स्कूटरवर पहिल्यांदा एकट्या कॉलेजला आणि नोकरीला गेल्या.

यंत्रविद्येच्या दृष्टीने ही स्कूटर म्हणजे उंबरठ्यावर उभे असलेले वाहन. तिचा आपोआप बदलणारा गिअर निव्वळ यांत्रिक होता. पट्ट्याच्या कप्पीत लहान रोलर असत. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला सरकत, कप्पीच्या दोन बाजू जवळ येत आणि पट्टा वर चढे. म्हणजे वॉटच्या गव्हर्नरचेच हे भावंड. ठिणगी मात्र प्लॅटिनम पॉइंट उघडण्या-मिटण्यावर अवलंबून नव्हती. ती सीडीआय नावाच्या लहानशा इलेक्ट्रॉनिक डबीतून येई. पॉइंट घासून, फट मोजून ठिणगी दुरुस्त करणारा मेकॅनिक या डबीपुढे पहिल्यांदा हात आवरून उभा राहिला. डबी उघडून दुरुस्त करता येत नव्हती. ती काढायची आणि नवी लावायची, एवढेच हाती उरले.

जपानात तोवर या नव्या मिलाफाला नावही मिळाले होते. यास्कावा कंपनीतले अभियंते तेत्सुरो मोरी यांनी १९६९मध्ये ‘मेकॅनिझम’ आणि ‘इलेक्ट्रॉनिक्स’ या शब्दांना जोडून ‘मेकॅट्रॉनिक्स’ हा शब्द बनवला. पुढे कंपनीने त्या शब्दावरचा हक्क सोडला आणि तो जगाचा झाला. मूळ जोडशब्दात सॉफ्टवेअर नव्हते. ते नंतर, मायक्रोप्रोसेसर स्वस्त झाल्यावर, घरात शिरले आणि हळूहळू घरचे कारभारी झाले.

ते कसे झाले, हे पाहायला पुन्हा पीथमपूरलाच थांबू. १९८६ पासून आयशर मोटर्सने जपानच्या मित्सुबिशीच्या सहकार्याने इथे कँटर ट्रक बनवायला घेतले. त्यातल्या डिझेल पंपाला गव्हर्नर होता, नोझल होते, आणि साऱ्यांचे नाते लोखंडाचे होते. २००८मध्ये आयशर आणि स्वीडनची व्होल्वो यांची भागीदारी झाली. २०१३मध्ये पीथमपूरला नवा इंजिन कारखाना सुरू झाला आणि तिथली मध्यम आकाराची इंजिने व्होल्वोसाठी परदेशी जाऊ लागली. पुढे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम लागू झाले, तेही मधली बीएस-५ची पायरी ओलांडून.

आजच्या अशा ट्रकमध्ये इंजिन, सेन्सर आणि आज्ञावली वेगळे काढता येत नाहीत. डिझेल एका सामायिक नळीत हजार बारपेक्षाही जास्त दाबाने भरून ठेवलेले असते. नोझल केव्हा आणि किती वेळ उघडायचे, हे ईसीयू नावाचा लहान संगणक ठरवतो. एकाच फेरीत तो डिझेलच्या अनेक बारीक फवाऱ्या सोडतो, म्हणून इंजिनाचा खडखडाटही कमी झाला. धुराच्या नळीत युरियाचे द्रावण सोडून विषारी वायूचे नायट्रोजन आणि पाणी करतात. किती द्रावण सोडायचे हे नळीतल्या सेन्सरला विचारून ठरते. द्रावण संपले किंवा त्यात भेसळ झाली, की आज्ञावली इंजिनाची ताकदच उतरवते. ड्रायव्हरला वाटते इंजिन गेले. इंजिन धडधाकट असते, पण त्याला जोर करू नकोस असा हुकूम मिळालेला असतो. देवासला बनणाऱ्या टर्बोचार्जरांच्या घराण्यातही हाच बदल झाला. हवा रेटणारा पंखा तोच, पण त्याच्या काही नव्या प्रकारांत पात्यांची वाट किती उघडायची हे लहानशी मोटर ठरवते आणि त्या मोटरला हुकूम ईसीयूचा.

देवासची दुसरी मोठी ओळख म्हणजे बँक नोट प्रेस. १९७४ पासून इथे नोटा छापल्या जातात. नोटांच्या छपाईने नाशिक आणि देवास यांना एका नात्यात बांधले आहे, हे आपल्यातल्या अनेकांना घरच्या अनुभवाने ठाऊक आहे. नोटेवरच्या काही रेषा बोटाला उंच लागतात, कारण कोरलेल्या पत्र्यातली शाई मोठ्या दाबाने कागदावर उचलून घेतलेली असते. हे शुद्ध यांत्रिक कसब. पण छापून बाहेर पडलेली नोट पुढे वाचली जाते ती बहुधा यंत्राकडूनच. रिझर्व्ह बँकेची नोटा तपासणारी यंत्रे ताशी ५० ते ६० हजार नोटा मोजतात, खऱ्याखोट्याची पारख करतात, चांगल्या आणि खराब नोटा वेगळ्या करतात आणि खराब नोटांचा तिथल्या तिथे चुरा करतात. रबरी चाके नोट पळवतात, सेन्सर तिला पाहतात, आणि ती कोणत्या वाटेला लावायची हे आज्ञावली सांगते.

या तिघांचे नाते किती घट्ट आहे, हे ८ नोव्हेंबर २०१६ नंतर साऱ्या देशाने अनुभवले. जुनी पाचशेची नोट १६७ बाय ७३ मिलिमीटरची होती आणि नाशिक-देवासहून येऊ लागलेली नवी नोट १५० बाय ६६ मिलिमीटरची. फरक बोटभरही नव्हता. पण देशातल्या दोन लाखांहून अधिक एटीएममधल्या नोटांच्या पेट्या जुन्या मापाच्या होत्या, सेन्सर जुन्या मापाला सरावलेले होते आणि आज्ञावलीला नवी नोट ओळखीची नव्हती. पेटी बदलून सॉफ्टवेअर तसेच ठेवले तर यंत्र नोट नाकारणार, सॉफ्टवेअर बदलून पेटी तशीच ठेवली तर नोट अडकणार. तंत्रज्ञांना एकेका एटीएमपाशी जाऊन हे काम करावे लागले. बाहेर आपण रांगेत उभे होतो, आणि त्या रांगेमागच्या कारणांपैकी हे एक होते.

देवासजवळच्या जामगोदरानीच्या टेकड्यांवरच्या पवनचक्क्या तर भोजाने सांगितलेल्या गुणाचे चालते उदाहरण आहेत. अशा आधुनिक चक्कीत वारा कुठून आणि किती जोराने येतो हे माथ्यावरची उपकरणे सांगतात. नियंत्रक मोटरला हुकूम देतो आणि माथा वाऱ्याकडे वळतो. वारा बेफाम झाला तर चक्की स्वतःला थांबवते. हवे तेव्हा चालते, नको तेव्हा स्वस्थ बसते.

तीन विद्या एकत्र आल्या की चुकाही त्यांच्या सांध्यात लपतात. म्हणून पीथमपूरजवळ उभा राहिलेला नॅट्रॅक्स हा वाहनतपासणीचा प्रकल्प आपल्या भागाच्या दृष्टीने महत्त्वाचा. त्याच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या अंडाकृती वेगवान मार्गाचे उद्घाटन २९ जून २०२१ रोजी त्या वेळचे केंद्रीय मंत्री प्रकाश जावडेकर यांच्या हस्ते झाले. ब्रेकच्या चाचण्या करताना चाके निसरड्या पृष्ठभागावरही नेऊन पाहावी लागतात. एबीएस असलेल्या गाडीत प्रत्येक चाकाजवळचा सेन्सर चाक अडकते आहे का ते पाहतो, आणि संगणक एका सेकंदात अनेक वेळा ब्रेक सोडतो-धरतो. दोन चाके कोरड्यावर आणि दोन ओल्यावर असली तर काय होईल, हे कागदावर पुरते सांगता येत नाही. तिथे रस्त्यालाच विचारावे लागते.

आता मुद्द्याच्या गोष्टीकडे येतो. या बदलाने आपल्याला पुष्कळ दिले. धूर कमी झाला, ब्रेक सुरक्षित झाले, यंत्रावर काम करणाऱ्याचे हात-पाय वाचले. पण ज्ञानाची जागा बदलली. पूर्वी ते फिटरच्या बोटांत आणि कानांत होते. आज त्याचा मोठा भाग बंद डब्यात आहे आणि डब्याला कुलूप आहे. रस्त्याकडेच्या मेकॅनिकला आधी स्कॅनर लावावा लागतो. स्कॅनर नसेल, किंवा त्याला डब्याशी बोलायची परवानगी नसेल, तर तीस वर्षांचा अनुभव असूनही त्याने गाडी पुढे पाठवायची. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली. तिच्या विषयांत मोटारी आणि शेतीची अवजारे दोन्ही होती. हा प्रश्न आपल्या गल्लीतल्या गॅरेजचाही आहे, एवढे त्यावरून दिसते.

गंमत अशी की भोजानेही यंत्रांची घडण पूर्ण उघड केलेली नाही. अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी आपण ती सांगत नाही, असे त्याच अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. कुलूप जुनेच आहे. पण त्याच अध्यायाने किल्लीही सांगून ठेवली आहे. यंत्रकाराला परंपरेने आलेले ज्ञान हवे, हातात कौशल्य हवे, गुरूचा उपदेश हवा, प्रत्यक्ष कामाचा सराव हवा आणि स्वतःची बुद्धी हवी. यांतले एक घेऊन बाकीचे सोडा, असे तो म्हणत नाही.

आपण मात्र मुलांना वाटून टाकले आहे. यंत्राचे काम शिकणारा आयटीआयला गेला, तर तो फिटर किंवा टर्नर. हुशार मुलगा संगणकाकडे, आणि त्याने हाताला ग्रीस लागू द्यायचे नाही हा घरचा अलिखित नियम. इंदूरचे गोविंदराम सेकसरिया महाविद्यालय १९५२ पासून आपल्या मुलांना अभियंते करते आहे. तिथे शिकलेले कित्येक जण पुणे, बंगळूर आणि त्याही पलीकडे पडद्यावर आज्ञावल्या लिहीत आहेत. त्यांच्याच वडिलांनी बांधलेली इंजिने पीथमपूरहून निघतात, आणि त्या इंजिनांना हुकूम देणारी आज्ञावली अनेकदा दुसऱ्याच गावी लिहिली जाते. हात इथे आणि डोके तिथे, अशी ही विभागणी आहे. जोडणी करणाऱ्याला मजुरी मिळते, जुळणी ठरवणाऱ्याला मान आणि मोल. पुढच्या वीस वर्षांत आपला भाग यांतल्या कोणत्या बाजूला असेल, हा खरा प्रश्न आहे.

उत्तराची सुरुवात झाली आहे. आयटीआयच्या व्यवसायांत आता मेकॅट्रॉनिक्सचा तंत्रज्ञ आहे, आणि फिटर व इलेक्ट्रिशियन यांच्यातली जुनी भिंत खाली येते आहे. कारखान्यांतही यंत्र थांबले की ‘हे माझे नाही, विजेवाल्याला बोलवा’ असे म्हणून चालत नाही. पण घरातली भिंत आपणच पाडायची आहे. ज्या घरात आजोबांना गव्हर्नरची वजने कळतात आणि नातीला आज्ञावली लिहिता येते, त्या घरात तिन्ही विद्या आधीच एका छपराखाली आहेत. त्यांनी एकमेकांशी बोलायचे तेवढे बाकी आहे.

गणेशोत्सव यासाठी उत्तम निमित्त आहे. इंदूरच्या कापड गिरण्या बंद पडून दशके लोटली, तरी अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरणी कामगारांच्या हलत्या झांक्या अजून निघतात, कारण ते कसब माणसांनी माणसांना दिले. मंडळांच्या हलत्या देखाव्यात मूर्तीचा हात वर जातो तो मोटर, क्रँक आणि दोरीच्या जोरावर, म्हणजे भोजाच्या बाहुलीच्याच वाटेने. पुढच्या वर्षी बाहेरून तयार देखावा भाड्याने आणण्याऐवजी आपल्या मुलामुलींनी तो बांधावा, असे आम्ही सुचवतो. लोखंडाचे काम निवृत्त फिटरकाकांकडून शिकावे, वायरिंग इलेक्ट्रिशियन दादांकडून, आणि भक्त समोर येताच उंदीर मान वळवेल एवढी छोटी आज्ञावली त्यांनी स्वतः लिहावी. पहिल्या दिवशी उंदीर भलतीकडे वळेल. दुसऱ्या दिवशी तो का वळला, यावर तिघे वाद घालतील. त्या वादात जे शिकले जाईल, त्याला कुलूप नसेल.